रामरावांचा ओटा आणि साडूचा व्हॉल्व्ह

लग्न देवरावांच्या मुलीचं होतं, व्हॉल्व्ह माझ्या साडूचा होता आणि ओटा रामरावांचा होता. या सगळ्यात माझं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे मी दिलेला शब्द. माणसानं शब्द द्यावा की नाही यावर मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवताना बरंच बोललेलो आहे. शब्द देऊन राज्यं घालवलेल्यांची उदाहरणं मला तोंडपाठ आहेत. तरीही फेब्रुवारीत एका संध्याकाळी मागच्या गल्लीतले देवराव तायडे आमच्याकडे चहाला आले, प्रियदर्शनीचं लग्न मे महिन्यात ठरल्याचं त्यांनी सांगितलं, अमरावतीचे पाहुणे आदल्या दिवशीच मुक्कामाला येणार म्हणाले, आणि मग कपाकडे पाहत हळूच म्हणाले, "पाण्याचंच मोठं कठीण हाय, सर."

"लग्नाआधी तुमच्या नळाला पाणी येईल," मी म्हणालो. "ते माझ्याकडे लागलं."

स्वयंपाकघरातून रागिणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. मी साधा पडद्याचा दांडा बसवायला घेतला तरी ती आधी खालची काचेची भांडी हलवते. त्या दिवशी तिनं देवरावांना आणखी दोन बिस्किटं दिली. त्या बिस्किटांचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

आमची कॉलनी अकोल्यात, जठारपेठ ओलांडून जरा पुढे. दोन गल्ल्या, पुढची आणि मागची. महापालिकेचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते कॉलनीच्या उंच टाकीत चढवायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचं. टाकीतून एक जाड पाइप खाली उतरतो आणि दोन्ही गल्ल्यांच्या कोपऱ्यावर, रामरावांच्या ओट्याला लागून असलेल्या खड्ड्यात त्याला दोन तोंडं फुटतात. एक तोंड पुढच्या गल्लीत जातं. दुसरं, कॉलनी बांधली तेव्हापासून, लोखंडी झाकण लावून बंद आहे. मागची घरं नंतर झाली, म्हणून त्यांना पुढच्या लाइनच्या शेपटातून एक बोटभर नळी तात्पुरती दिलेली. ती तात्पुरती असतानाच प्रियदर्शनी शाळेत गेली, कॉलेजात गेली आणि आता लग्नाला आली. उन्हाळ्यात त्या नळीला कान लावला तर पुढच्या गल्लीत कोण आंघोळ करतंय हे कळतं, पाणी मात्र येत नाही.

माझी योजना सोपी होती. बंद तोंडावरचं झाकण काढायचं, तिथे व्हॉल्व्ह बसवायचा, तो बंद ठेवायचा. मग सवडीनं मागच्या गल्लीची नवी लाइन खोदत आणायची आणि त्याला जोडायची. पुढच्या गल्लीचं पाणी एक दिवसही बंद पडणार नाही. कॉलनीच्या बैठकीत मी हे फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवलं. चित्र सुंदर आलं होतं. पुढच्या गल्लीचे अघोषित प्रमुख रामराव ठाकरे, कापसाच्या जिनिंगमधून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, ते चित्राकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "आमच्या पाण्याले धक्का लागला नाई पाह्यजे, सर. बाकी तुमी धरण बांधा."

रस्ता खोदायचा म्हणून महापालिकेची परवानगी लागत होती. अर्जात 'व्हॉल्व्हचा प्रकार' असा एक रकाना होता. मी लिहिलं, 'चांगला'. अर्ज परत आला, 'प्रकार स्पष्ट करावा'. मी लिहिलं, 'अतिशय चांगला'. तेव्हा तिथल्या बाबूंनी मला बोलावून घेतलं आणि मी काय शिकवतो असं विचारलं. इतिहास म्हटल्यावर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मग त्यांनी स्वतःच त्या रकान्यात 'बटरफ्लाय' लिहिलं आणि मला समजावलं, की याच्या आत एक गोल चकती असते. दांडी फिरवली की ती चकती आडवी होते आणि पाणी सुटतं, पुन्हा फिरवली की उभी राहून पाणी अडवते. मी घरी येऊन रागिणीला, देवरावांना आणि दोन शेजाऱ्यांना ताटली हातात धरून हे समजावलं. बटरफ्लाय व्हॉल्व्ह आतून सारखे असले तरी बाहेरून, अंगानं, वेगवेगळ्या जातीचे असतात, हे बाबूंनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

व्हॉल्व्ह आणायचा कुठून, हा प्रश्न आमच्याकडे निघतच नाही. माझे साडू बंडूभाऊ यांचं अमरावतीत पाइप-फिटिंगचं दुकान आहे. साडूचं दुकान असताना अकोल्यात व्हॉल्व्ह घेणं म्हणजे दोन बहिणींची वर्षभराची बोलाचाल बंद करणं. इथे आमच्या वऱ्हाडी मानपानातली एक बारीक अडचण सांगायला हवी. नातेवाइकाच्या दुकानात जाऊन 'मला असाच पाहिजे' म्हणायचं नसतं. 'तुम्ही द्याल तो' म्हणायचं असतं. आणि नातेवाईक दुकानदारानंही 'कशाला पाहिजे' असं खोदून विचारायचं नसतं, त्यात पाहुण्याची परीक्षा घेतल्यासारखं होतं. बंडूभाऊंनी पाइपाची जाडी विचारली, मी सांगितली. मी म्हणालो, तुम्ही द्याल तो. त्यांनी नमस्कार केल्यासारखी मान हलवली आणि मला आधी गिला वडा खायला घातला, मग जेवायला घातलं, मग निघताना फडक्यात बांधलेला व्हॉल्व्ह हातात ठेवला. दोघंही इतके सभ्यपणे वागलो की व्हॉल्व्हबद्दल एक अक्षरही निघालं नाही.

तो व्हॉल्व्ह दिसायला देखणा होता. सडपातळ, हलका, दोन बोटं जाडीची नुसती कडी आणि वर दांडी. आमचे प्लंबर नत्थुजी यांनी तो उलटासुलटा केला आणि वेफर टाइप आहे असं जाहीर केलं. नत्थुजी आत्मविश्वासाच्या बाबतीत माझ्यासारखेच आहेत. प्रत्येक कामाला ते 'झालंच समजा' म्हणतात आणि आपण समजतो. त्या व्हॉल्व्हला स्वतःला अडकवायला एकही भोक नव्हतं. नत्थुजींनी तोड काढली. टाकी रिकामी असताना झाकण काढलं, पाइपाचं तोंड आणि तेच झाकण यांच्या मधोमध व्हॉल्व्ह धरला, आणि लांबच लांब बोल्ट झाकणापासून पाइपापर्यंत आरपार घालून तिघांना एकत्र आवळलं. टाकी भरली तरी थेंब गळाला नाही. इंदूबाईंनी, म्हणजे देवरावांच्या मंडळींनी, सगळ्यांना पेढे वाटले. मी दोन घेतले.

इतिहासात पेढे लवकर वाटल्याची उदाहरणं आहेत, तीही मला तोंडपाठ आहेत.

एप्रिलात मागच्या गल्लीची नवी लाइन खोदत खोदत खड्ड्यापर्यंत आली. आता झाकण काढून तिथे नवा पाइप लावायचा. आदल्या संध्याकाळीच पाणी येऊन गेलं होतं, टाकी काठोकाठ भरलेली. आमच्याकडे रस्त्यात खड्डा उघडला की माणसं आपोआप जमतात, पाठीमागे हात बांधून उभी राहतात आणि खड्ड्यातल्या माणसाला सल्ले देतात. तशी जमली होती. कोणी म्हणालं उजवीकडून उघडा, कोणी म्हणालं आधी थोडं तेल सोडा. रामराव ओट्यावर चहा घेत बसले होते, चपला खाली काढलेल्या. मी शंका विचारली, की झाकण काढल्यावर पाणी येणार नाही ना. नत्थुजी म्हणाले, "वाल बंद हाय न सर, पाणी येईन कुठून? तुमी फक्त हात लावून धरा."

मी हात लावून धरला. नत्थुजींनी बोल्ट सोडले. आता मागे वळून पाहता सगळं स्पष्ट आहे. ज्या बोल्टांनी झाकण धरलं होतं, त्याच बोल्टांनी व्हॉल्व्हही धरला होता. झाकण सुटलं म्हणजे व्हॉल्व्हही सुटला, तो बंद असो की उघडा. चकती आपलं काम चोख करत होती. ती माझ्या पोटाशी होती आणि पाण्याचा लोंढा तिच्या सगळ्या बाजूंनी येत होता. टाकीखालचा जुना व्हॉल्व्ह कधीचा गंजून जाम झालेला, त्यामुळे टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत कोणालाच काही करता आलं नाही. मी खड्ड्यात छातीवर व्हॉल्व्ह घेऊन बसलो होतो. रामरावांच्या चपला माझ्या डोळ्यांदेखत मागच्या गल्लीकडे निघून गेल्या. मागच्या गल्लीत इतकं पाणी पहिल्यांदाच आलं होतं, आणि पोरं त्यात नाचत होती. देवराव धोतर वर धरून माझ्यापर्यंत आले.

"सर, पाणी आलं," ते शांतपणे म्हणाले. "पण मी नळाचं म्हणलो होतो."

खड्ड्यातल्या तोंडाला जुनंच झाकण पुन्हा लागलं. पुढचे चार दिवस पुढच्या गल्लीनं टँकरचं पाणी वापरलं आणि माझ्याशी टँकरवाल्याइतकंच बोलणं ठेवलं. रामरावांनी फाटकाशी येऊन एवढंच सांगितलं, की तो वेफरचा पापड त्या खड्ड्यात पुन्हा बसवायचा नाही. नत्थुजींचं म्हणणं होतं की आता दोन्हीकडून पाइप आलेत, तोच व्हॉल्व्ह मध्ये दाबून घट्ट बसेल. ते खरंही होतं, पण कॉलनीत आता नत्थुजींचं आणि माझं खरं कोणी ऐकत नव्हतं.

मी पुन्हा अमरावतीला गेलो. दिलेली वस्तू साडूला परत करणं ही नाजूक गोष्ट. मी पिशवी मागे लपवूनच घरात शिरलो. नेमका दुकानाचा सुटीचा दिवस होता. बंडूभाऊ म्हणाले, आलेच आहात तर कौंडण्यपूर करून येऊ. आम्ही त्यांच्या गाडीनं कौंडण्यपूरला गेलो, वर्धा नदीचं दर्शन घेतलं, देवळात गेलो, व्हॉल्व्ह गाडीच्या मागच्या सीटवर होता. परतताना मी भीत भीत म्हणालो, की हा जरा नाजूक पडला, थोडा भारदस्त असता तर बरं. बंडूभाऊंचा चेहरा उतरला. आपण साडूला हलका माल दिला असा त्याचा अर्थ त्यांनी घेतला. त्यांनी गोदाम उघडलं आणि सगळ्यात भारी व्हॉल्व्ह काढून माझ्यापुढे ठेवला. त्याला दोन्ही बाजूंना स्वतःच्या रुंद लोखंडी कडा, म्हणजे फ्लँज, होत्या, कडांना भोकं होती, आणि वजन असं की एसटीच्या वाहकानं पिशवीत काय आहे असं विचारलं, ती स्वतः उचलून पाहिली आणि मग मला सीटवर बसायला जागा दिली. जुना परत घ्यायला मात्र बंडूभाऊंनी साफ नकार दिला. राहू द्या म्हणाले, घरात असावा एखादा.

हा डबल फ्लँजचा व्हॉल्व्ह निर्दोष होता. एका बाजूचे बोल्ट सोडले तरी दुसऱ्या बाजूचे त्याला धरून ठेवणार. दोष होता तो जागेत. तो अंगानं इतका लांब, की खड्ड्यात ठेवला तर त्याचं पुढचं तोंड रामरावांच्या ओट्याच्या पायाला जाऊन भिडत होतं, आणि पाइपाला वळायला जागाच उरत नव्हती. ओटा हातभर फोडला तर काम होणार होतं.

रामरावांचा ओटा म्हणजे काळ्या फरशीचा, वर निंबाची सावली असलेला, त्यांच्या निवृत्तीनंतरच्या आयुष्याचा दरबार. मी आणि देवराव दोघं त्यांच्याकडे गेलो. देवरावांनी पत्रिकाही सोबत आणली होती. रामरावांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, लग्नाला नक्की येतो म्हणाले, ओट्याचं मात्र नाही म्हणाले. "पाणी गेलं, चपला गेल्या. आता बसाची जागाबी मागून राहिले तुमी," एवढंच ते म्हणाले, आणि मला त्यांचा राग आला तरी त्यांचं चुकलं असं म्हणता येईना.

परत येताना देवराव म्हणाले, जाऊ द्या सर, पाहुण्यांसाठी टँकर बोलावू, इतकी वर्षं झालं तसंच. त्यांनी ते माझी समजूत काढायला म्हटलं होतं. मला ते फार लागलं. मागच्या गल्लीच्या नळ्या तात्पुरत्या आणि टँकर कायमचे, हे मी त्यांच्या घरचा चहा पीत पीत इतकी वर्षं पाहिलं होतं, आणि आता प्रियदर्शनी तसंच पाहून सासरी जाणार होती.

त्या दुपारी मी बंडूभाऊंना फोन लावला. मी त्यांच्याशी कायम पुस्तकातल्यासारखं बोलतो, अहोजाहो, कृपया, आपण. त्या दिवशी माझ्या तोंडून वेगळंच निघालं.

"बंडूभाऊ, मले तुमी द्याल तो नाई पाह्यजे. मले काय पाह्यजे थे आयका आधी."

पलीकडे बंडूभाऊंनी दुकानातल्या पोराला गिऱ्हाईक सांभाळायला सांगितलं. मग मी सगळं सांगितलं, खड्डा, झाकण, बोल्ट, लोंढा, चपला, ओट्याचा पाया, लग्नाची तारीख. चपलांपाशी ते हसायला लागले ते थांबेचनात.

"आता बोलले तुमी घरच्यावानी," ते म्हणाले. "सर, पयल्या दिवशी सांगतलं असतं का एक बाजू खुली राहीन, त वेफर देलाच नसता. थो दोन भाकरीच्या मधात झुणका राह्यते तसा राह्यते. एक भाकर उचलली का गेला. आन् मीबी इचारलं नाई, पाहुण्याले कसं इचाराव म्हनून. तुमाले लग टाइप पाह्यजे. पातळ त्याच्याच एवढा, पन कडेनं कान असतात, कानात आटे. हिकडचे बोल्ट येगळे, तिकडचे येगळे. एक बाजू पुरी सोडा, थो दुसऱ्या बाजूले धरून राह्यते. जागा थोडी लागते, आन् पानी सोडत नाई."

दुसऱ्या दिवशी तो कानवाला व्हॉल्व्ह स्वतः घेऊन ते अकोल्याला आले, खड्ड्याकाठी उभे राहून त्यांनी नत्थुजींना बोल्ट निवडून दिले, आणि रागिणीनं केलेलं भरीत-भाकरी खाऊन गेले. व्हॉल्व्ह खड्ड्यात असा बसला की ओट्याची फरशीही हलली नाही. संध्याकाळी टाकी भरली, मी दांडी फिरवली, आणि इंदूबाईंचा नळ आधी खोकला, मग लाल पाणी आलं, मग नितळ. इंदूबाईंनी कळशी भरली आणि ती रिकामी करून पुन्हा भरली. त्यांना पाणी नको होतं, भरून पाहायचं होतं. या वेळी मी पेढा घेतला नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीत मांडव पूर्ण होत होता. अमरावतीचे पाहुणे दात घासत होते. तेवढ्यात मांडववाल्यानं कोपऱ्यावर शेवटचा लोखंडी खुंटा ठोकला, तो नेमका आमच्या नव्या पाइपाच्या वळणावर, खड्ड्यापासून दोन हातांवर. पाणी मांडवाच्या झालरीपर्यंत उडालं.

मी धावत जाऊन दांडी फिरवली. पाणी थांबलं. पण फुटलेलं वळण बदलायचं तर व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप पूर्ण काढायला हवा होता. हे ऐकताच पुढच्या गल्लीत बादल्या, टप, पातेली बाहेर निघाली आणि सगळे नळ एकदम सुटले. लोकांना मागचा अनुभव होता. रामराव नळाशी उभे राहून मोठा पिंप भरू लागले. नत्थुजींनी पाना माझ्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरकले.

खड्ड्याभोवती पाठीमागे हात बांधलेली सगळी कॉलनी होती. कोणी सल्ला देत नव्हतं. मी खाली उतरलो आणि पलीकडच्या बाजूचे बोल्ट एक एक करून सोडले. शेवटच्या बोल्टाआधी मी उगाच खोकलो. बोल्ट निघाला. पाइप बाजूला झाला. व्हॉल्व्ह एका बाजूनं उघडा पडला, मागे अख्खी टाकी घेऊन, आणि जागचा हलला नाही. मी त्याची चकती फडक्यानं पुसली आणि कडेनं बोट फिरवलं. बोट कोरडं होतं.

वर ओट्याजवळ रामरावांचा नळ धो धो वाहत होता. त्यांनी नळाकडे पाहिलं, मग खड्ड्यात माझ्याकडे पाहिलं, मग भरलेल्या पिंपाकडे पाहिलं. नत्थुजी बाजारात नवं वळण आणायला पळाले होते, ते येऊन काम व्हायला दुपार होणार होती आणि लग्न त्याच्या आधी होतं. रामराव घरात गेले आणि बागेची रबरी नळी घेऊन बाहेर आले. एक टोक नळाला लावलं, दुसरं मागच्या भिंतीवरून टाकलं आणि देवरावांना हाक मारून म्हणाले, "घ्या जी, पाव्हन्याईच्या आंघोळी होऊ द्या." मग कोणाला सांगावं लागलं नाही. पुढच्या गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक एक नळी भिंतीवरून पलीकडे गेली, हिरवी, निळी, एक तर सलाइनची वाटावी इतकी बारीक. अमरावतीच्या पाहुण्यांना वाटलं की आमच्याकडे हीच पद्धत आहे. लग्न वेळेवर लागलं. प्रियदर्शनी बुद्धवंदनेसाठी पांढऱ्या साडीत आली तेव्हा मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो, नखांत ग्रीस होतं, आणि मला फार बरं वाटत होतं.

दोन दिवसांनी संध्याकाळी रामराव आमच्याकडे आले. या वेळी चपला दाराच्या आत, अगदी जवळ काढल्या. त्यांनी आमच्या व्हरांड्यात पडलेल्या त्या डबल फ्लँजच्या भारी व्हॉल्व्हकडे बोट केलं. रागिणी त्यावर झेंडूची कुंडी ठेवते.

"सर, हा कामात हाय काय?"

मी नाही म्हणालो.

"मी इचार करून राहिलो होतो," ते म्हणाले. "त्या दिवशी मागच्याईची लाइन फुटली, तुमी त्यायचं बंद केलं, आमचं चालू राह्यलं. पन उद्या आमची फुटली त? आमच्या लाइनले वालच नाई. मंग सगळी टाकी सोडा लागन, मागच्याईचंबी पानी जाईन. आमच्याबी लाइनले एक पाह्यजे." त्यांनी कुंडी उचलून बाजूला ठेवली. "याले जागा लागते म्हनत होते न तुमी. ओटा फोडू."

मी बंडूभाऊंना तिथल्या तिथे फोन केला. या वेळी त्यांनी आधी सगळं विचारून घेतलं, मीही सगळं सांगितलं, आणि त्यांनी तोच व्हॉल्व्ह योग्य ठरवला. रविवारी सकाळी नत्थुजी छिन्नी-हातोडा घेऊन आले आणि झालंच समजा म्हणाले. पण ओट्यावरचा पहिला घाव रामरावांनी स्वतः घातला. काळी फरशी उचलून त्यांनी निंबाला टेकवून ठेवली. मागच्या गल्लीतून इंदूबाई सगळ्यांसाठी चहा घेऊन आल्या, त्यांच्या नळाच्या पाण्याचा, आणि बसायला ओटा नसल्यामुळे रामरावांनी तो देवरावांच्या शेजारी, खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसून घेतला.